चार नंबरच्या मशीनचा पासवर्ड

नसीम, तुझ्या चार नंबरच्या मशीननं पासवर्ड मागितला आणि मी तिथंच अडकले.

तू कशानं गेलीस, मागे कोण कोण आहे, मयतीला किती माणूस जमलं होतं, हे सगळं घाटंजीत ज्याला-त्याला ठाऊक आहे. ते मी लिहीत नाही. रडण्याचंही लिहीत नाही. तुला रडकी माणसं आवडत नव्हती आणि मला चारचौघांत रडता येत नाही. तुझ्या घरी बायकांमध्ये बसले होते, तेव्हा तुझी खाला माझा हात धरून म्हणाली, "रो ले बेटा, मन हलका होता." मी म्हटलं, "हो, नंतर." असं कोणी म्हणतं का? पण म्हटलं खरं. ती बिचारी बघतच राहिली.

मला बोलायचं आहे ते क्लासचं. आपलं भांडण चालू होतं आणि तू मधूनच उठून गेलीस. हे काही बरं केलं नाहीस.

भांडण साधं होतं. मी म्हणत होते, दिवाळी झाली की टायपिंगचा क्लास बंद करू. कृषी केंद्राच्या वरची ती खोली, तो लोखंडी जिना, माझे गुडघे, आणि आत सहा म्हातारे कॉम्प्युटर. किती दिवस ओढायचं? तू म्हणत होतीस, चालवायचा.

"आता बस झालं वं नसीम. थकली मी."

"थकली तं खुर्चीवर बस. क्लास कायले बंद करते?"

हे आपण इतक्या वेळा बोललो की खालच्या दुकानातल्या माणसांनाही पाठ झालं असेल. शेवटच्या आठवड्यात मात्र मी चिडून म्हटलं, "हे माह्यं शेवटचं सांगणं हाय. दिवाळीनंतर मी येणार नाही." तू काहीच बोलली नाहीस. चार नंबरचं मशीन उघडून बसली होतीस, रॅमची पट्टी हातात घेऊन तिची सोनेरी कड खोडरबरानं घासत होतीस. घासत राहिलीस. आपल्या भांडणात तू गप्प बसण्याची ती पहिलीच वेळ, आणि मला वाटलं, बाई रागावली. मी पर्स उचलली आणि जिना उतरले. तुझं माझं शेवटचं बोलणं हे एवढंच.

खोडरबराचं मला कधी पटलं नाही, हेही सांगून टाकते. मशीन चालू होईना की पट्टी काढ, खोडरबरानं घास, परत बसव, की झालं चालू. मी म्हणायची, हे काय शास्त्र आहे? तू म्हणायचीस, "शास्त्र कोनाले पाह्यजे? चालू झालं ना?" तू गॅरेजवाल्यांच्या घरची. तुझ्या हातात पाना-पेचकस लहानपणापासून. आमच्या घरी वडील तहसीलला, काका झेडपीत. आमच्याकडे बल्ब बदलायलाही माणूस बोलावत. तरी आपण यवतमाळला एकाच टायपिंग क्लासात शेजारी बसलो, ते बाईंनी हजेरीच्या क्रमानं बसवलं म्हणून. तुझा स्पीड भन्नाट आणि चुका त्याहून भन्नाट. माझी एक चूक नाही, पण गाडी बैलगाडी. बाई म्हणायच्या, तुम्हा दोघींची मिळून एक टायपिस्ट होईल. मग आपण खरंच दोघी मिळून एक क्लास काढला. आधी टाइपरायटर होते. ते गेले, परीक्षा कॉम्प्युटरवर आली, आणि तू कुठूनकुठून जुनी मशीनं गोळा करून आणलीस. त्या दिवसापासून वाटणी ठरली. मुलींची बोटं माझी, मशीनचं पोट तुझं.

त्या मशीनच्या पोटात काय नसायचं! कापसाचा सीझन सुरू झाला की जिनिंगकडून तंतू उडत येतात, खिडकी लावली तरी येतात, आणि पंख्यांत जाऊन बसतात. दर वर्षी तू सगळी मशीनं तुमच्या हनीफभाईंच्या गॅरेजात न्यायचीस आणि टायरमध्ये हवा भरायच्या नळीनं फुंकून काढायचीस. पांढरा ढग निघायचा. हनीफभाई तुला म्हणायचे, "आपा, याच्यातून एक गादी भरते." लाइट गेली की आतला सेल मेलेला असल्यामुळं मशीन तारीख विसरायचं आणि काळ्या पडद्यावर एफ-वन दाबा म्हणायचं. मुलींना ते इतकं अंगवळणी पडलं होतं की लाइट आली की सहा जणींची सहा बोटं न सांगता एफ-वनवर जायची. तू म्हणायचीस, "या मशीनले वाटते आपण अजून जवान हावो. वाटू दे."

मग मशीनं फारच दमली. विंडोज सुरू व्हायची तोवर मुली खाली जाऊन चहा पिऊन यायच्या. एक अक्षर दाबलं की ते पडद्यावर येईपर्यंत दुसरं दाबायचं की नाही असा प्रश्न. टायपिंगच्या क्लासात यापेक्षा वाईट काय? मी म्हटलं, भंगार. तू म्हटलंस, विंडोज काढून लिनक्स टाकू. तू मोबाइलवर कुठले कुठले व्हिडिओ बघत बसायचीस आणि एक दिवस आलीस ते जाहीरच केलंस, "याच्यात एक बहुत हलकं भेटते. जुन्या मशीनवर पयते. फुकट हाय."

मी विरोध केला आणि तो विरोध आजही मागे घेत नाही. परीक्षा ज्या सिस्टिमवर होते, सराव त्याच सिस्टिमवर व्हावा. मुली खेड्यांतून एसटीनं येतात. परीक्षेच्या खोलीत वेगळा पडदा दिसला की घाबरतात. तू म्हणायचीस, "विहिरीत पोहायले शिकली ते नदीत बुडते का?" मी म्हटलं, बुडते, किती तरी जणी बुडतात. तू हसलीस आणि पेनड्राइव्ह तयार करायला बसलीस. वादात उत्तर सुचलं नाही की तू हसायचीस, आणि समोरच्याला वाटायचं आपणच हरलो.

आणि ते पहिलं लिनक्स! मोबाइलच्या नेटवर दुपारभर उतरवलं, मध्ये लाइट गेली, परत उतरवलं, पेनड्राइव्हवर चढवलं, एक नंबरला लावलं, आणि पडद्यावर एकच ओळ आली. ही सिस्टिम या मशीनसाठी नाही म्हणे. तू नव्या बनावटीच्या मशीनसाठी असलेली उतरवली होतीस, आणि आपली मशीनं त्याआधीच्या पिढीची. मला मनातून आनंद झाला. मी तोंडानं म्हटलं, "अरेरे." तू म्हणालीस, "अरेरे म्हणते आन दात दाखोते. चहा सांग." दुसऱ्या दिवशी तू बरोबर असलेली घेऊन आलीस.

एक नंबर चालू झालं तेव्हा मी कबूल केलं, झटपट आहे. पडदा साधा, रंग फिके, खाली एक पट्टी. पण अक्षर दाबलं की अक्षर येत होतं. तू मला समजावलंस, रॅम कमी असली की ही सिस्टिम हार्डडिस्कवर थोडी जागा बाजूला राखून ठेवते. "ओट्यावर जागा नसली की आपण परात खाली फरशीवर ठेवतो ना, तसं." हे मला समजलं. मग दोन नंबर झालं, तीन नंबर झालं. प्रत्येक वेळी तू म्हणायचीस, "ये, बस इथं, तू कर. मी सांगते." आणि प्रत्येक वेळी मी म्हणायची, "मले नाही येत. तू हायेस ना."

दिवाळी झाली. मी कुलूप उघडलं. खोली बंद राहून कुबट वास येत होता आणि खिडकीच्या गजांवर कापूस चिकटला होता. तुला वाटेल, बंद करणार म्हणणारी ही बाई कशाला आली? तर ऐक. खेड्यांतल्या मुलींचे फोन येत होते. सायतखर्ड्याकडची ती वैशाली, जिची करंगळी नेहमी हवेत असते, तिनं तर सरळ विचारलं, "म्याडम, क्लास राह्यते की नाही? नाही तं घरचे म्हणतात कापूस वेचायले चाल." मी तिला सांगितलं, राहतो. आणि स्वतःला सांगितलं, नसीमची इच्छा होती, तिच्यासाठी ही एक बॅच काढू. मेलेल्या माणसाशी वाद घालता येत नाही, म्हणून मी तुझं ऐकायचं ठरवलं.

तीन मशीनं तू लावून दिलेली, ती सुरू झाली. चार नंबर तू एकटीनं केलं होतंस, मी पर्स उचलून गेल्यावर. त्यानं पासवर्ड मागितला. मी म्हटलं, मागू दे. तुझा पासवर्ड काय गुपित आहे का? पहिला धडा, डाव्या हाताची बोटं, ए-एस-डी-एफ-जी-एफ. अख्ख्या क्लासला ठाऊक. मी टाकला. चूक. परत टाकला. चूक. नुसते ठिपके दिसतात, आत काय उमटलं ते दिसत नाही. आयुष्यभर मुलींना सांगत आले, पडद्याकडे बघू नका, बोटांवर भरवसा ठेवा. आणि माझीच बोटं खोटी ठरत होती. माझी! मला इतका राग आला की मी उठून खिडकी उघडली आणि पुन्हा लावली.

मग वाटलं, तू बदलला असशील. रागावली होतीस ना. काही दुसरं टाकलं असशील, मला कळू नये असं. हे मनात आलं आणि मी खरंच खाली बसले. नसीम, तेवढा वेळ फार वाईट गेला. तू गेल्याचं दुःख होतंच, पण तू माझ्यावर दार लावून गेलीस असं वाटणं त्याहून वाईट होतं.

पडद्याच्या कोपऱ्यात दोन इंग्रजी अक्षरं दिसत होती, कीबोर्ड इंग्रजी असल्याची. त्यांच्याकडे बघता बघता डोक्यात प्रकाश पडला. मागच्या तिन्ही मशीनच्या वेळी मीच कटकट केली होती, आधी मराठी कीबोर्ड टाक, मराठी आधी, इंग्रजी नंतर. चार नंबरला तू माझं ऐकलं होतंस. मराठी कीबोर्ड लावलास आणि मग सवयीनं डाव्या हाताची तीच बोटं चालवलीस. बोटं तीच, उमटलं मराठीत. आणि मशीन सुरू होताना मात्र इंग्रजी घेऊन उभं राहत होतं. जगात ही चूक फक्त मराठी टायपिंग शिकवणारी बाई करू शकते. मी कोपऱ्यात जाऊन मराठी केलं, नजर समोरच्या भिंतीवर ठेवली आणि पहिला धडा मारला. उघडलं.

आत काही नव्हतं. तुझा एखादा फोटो नाही, एखादी फाइल नाही, काही नाही. निळसर पडदा आणि खाली एक पट्टी. मला बरं वाटलं.

पाच नंबर मी केलं. हो, मी. पेनड्राइव्ह लावला, तू लावायचीस तसा मागच्या बाजूला, पुढची खाच सैल आहे म्हणून. सुरू होताना एफ-बारा दाबायचं ते मला बघून बघून माहीत होतं. भाषा विचारली, गाव विचारलं, सांगितलं. मग तो पडदा आला, डिस्कवरचं सगळं पुसून टाकू का म्हणणारा. तिथं तू बिस्मिल्ला म्हणायचीस. मला काय म्हणावं सुचेना. मी मुलींना सांगते तेच म्हटलं, "पाठ सरळ," आणि बटण दाबलं. एकदा गाडी अडली. बंद केलं, झाकण काढलं, पट्टी काढली आणि इकडेतिकडे बघून, कोणी नाही असं बघून, खोडरबरानं घासली. चालू झालं. शास्त्र नाही ते नाहीच, पण चालू झालं. पडद्यावरची पट्टी सरकत होती तेवढा वेळ मी खुर्चीत बसून होते आणि मला तुझी आठवण येत होती. नुसती आठवण, दुसरं काही नाही. तू चहा सांगशील असं वाटत होतं.

सहा नंबरचं झाकण उघडलं होतं तेव्हा जिन्यावर पावलं वाजली. हनीफभाई. खाली टेम्पो उभा.

"ताई, मशीना उतरवू का?"

"कायले?"

"आपानं सांगतलं होतं. दिवाळी झाली की टेम्पो घेऊन ये म्हणे."

मला समजेना. मी म्हटलं, "कोणत्या आपानं?"

"आपल्या आपानं. नसीमआपानं." ते दारातच उभे राहिले, आत आले नाहीत. "म्हणे, सुधा थकली. इतके वर्स माह्यासाठी रेटून राह्यली, आता तिले बस करू दे. मशीना कोन्या शाळेले देऊन टाकू म्हणे."

"कधी म्हणाली?"

"ते चार नंबरचं करून राह्यली होती ना, तव्हाच. मी इचारलं, बंदच कराचं हाय तं हे कायले करून राह्यली? तं म्हणे, बंद मशीन कोनाले द्याव? चालू करून देऊ."

मी पेचकस हातात धरून उभी होते. हनीफभाई जमिनीकडे बघत होते. तेही तुझ्यासारखेच, बोलायचं संपलं की हलत नाहीत. मग म्हणाले, "म्या सांगाचं नव्हतं का ताई?"

"सांगायचं होतं," मी म्हटलं. "तिनं सांगायचं होतं."

हे बघ नसीम. मला राग आला आहे आणि तो मी तुझ्यावरच काढणार, कारण दुसरं कोणी नाही. तू रागावलीच नव्हतीस. गप्प बसलीस ती माझं पटलं म्हणून. इतक्या वर्षांत, तो कीबोर्ड सोडला तर, तू माझं एक ऐकलं नाहीस. लिनक्स नको म्हटलं, टाकलंस. खोडरबर नको म्हटलं, घासलंस. चहा नको म्हटलं, दोन सांगितलेस. आयुष्यात एकदा माझं ऐकलंस, आणि तेच नेमकं ऐकायला नको होतं. मी बंद करू म्हणायचं आणि तू नाही म्हणायचं, असं होतं ते. मी बिनधास्त बंद करू म्हणू शकत होते, कारण तू नाही म्हणणार होतीस. हे तुला कळत नव्हतं का वं? मलाही कळत नव्हतं, ते सोड.

आणि दुसरं. आता मी मोकळी झाले. तुझी इच्छा म्हणून क्लास चालवायचं कारण उरलं नाही. तू परवानगी देऊन गेलीस. टेम्पो खाली उभा होता, माणूस वर होता, मशीनं चालू होती, अगदी तुला हवी तशी. मी हो म्हटलं असतं तर संध्याकाळपर्यंत खोली रिकामी झाली असती. माझे गुडघे अजून दुखतात. जिना तोच आहे.

हनीफभाई म्हणाले, "मंग, ताई?"

मी म्हटलं, "थांबा जरा. हे एक होऊ द्या."

ते बाकावर बसले. मी सहा नंबरला पेनड्राइव्ह लावला. कीबोर्ड आधी इंग्रजी घेतला, मराठी नंतर. त्या बाबतीत तुझं बरोबर होतं, घे. डिस्क पुसली. पट्टी सरकत गेली. मग त्यानं नाव विचारलं, हे मशीन कोणाचं? एकपासून चारपर्यंत सगळीकडे तुझं नाव आहे. पाच नंबरला मीही तुझंच टाकलं होतं, विचार न करता. सहाला थांबले. हनीफभाई बघत होते. मी एकेक अक्षर दाबून, एक चूक न करता, माझं नाव टाकलं.

"ताई, रडू नका," ते म्हणाले.

"मी रडत नाही," मी म्हटलं, आणि पदरानं कीबोर्ड पुसला. ओला झाला होता.

टेम्पो रिकामा परत गेला. तुझी ती शेवटची चलाखी मला मंजूर नाही, नसीम. मी थकले आहे की नाही ते मी बघेन. क्लास बंद करायचा असेल तर तू ये, या खोलीत उभी राहा आणि माझ्या तोंडावर सांग. मी नाही म्हणेन.